मालमत्ता कर : आकारणीची सूत्रे आणि अपिलाचा मार्ग

शहरातील सामान्य कुटुंबाचा शासनाशी वर्षातून एकदा हमखास येणारा संबंध म्हणजे घरपट्टीचे देयक. या देयकावरील रक्कम पाहून नागरिक बहुधा कराचा दर अधिक असल्याची तक्रार करतात. प्रत्यक्षात एकाच वर्गातील मालमत्तांना दर सहसा सारखाच लागू असतो. एका घराचा कर शेजारच्या घरापेक्षा कमी की अधिक, हे ठरते ते त्या घराच्या मूल्यनिर्धारणावरून, म्हणजेच आकारणीवरून. आकारणीत चूक झाली तर ती दुरुस्त करून घेण्याची संधी कायद्याने दिलेली आहे. मात्र ती मुदतबद्ध आणि काही अटींच्या अधीन आहे. प्रस्तुत लेखात ही आकारणी कशी होते आणि तिच्याविरुद्ध दाद कशी मागता येते, याचा आढावा घेतला आहे.

घटनात्मक आधार

‘जमिनी व इमारतींवरील कर’ हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ४९ व्या क्रमांकावर आहे. म्हणजेच मालमत्ता कर बसविण्याचा मूळ अधिकार राज्य विधिमंडळाचा आहे. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने २४३ भ हा अनुच्छेद समाविष्ट झाला. त्यानुसार राज्य विधिमंडळ कायदा करून नगरपालिकांना कर बसविण्याचा व वसूल करण्याचा अधिकार देऊ शकते. पंचायतींसाठी अशीच तरतूद अनुच्छेद २४३ ज मध्ये आहे. येथे विद्यार्थ्यांनी एक बारकावा ध्यानात ठेवावा. घटनेने नगरपालिकांना कराचा अधिकार थेट दिलेला नाही; तो राज्याच्या कायद्यामार्फत मिळतो. त्यामुळे आकारणीची पद्धत, हरकतीची मुदत आणि अपिलाचे न्यायासन राज्यागणिक, किंबहुना अधिनियमागणिक भिन्न आढळते.

अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या आधाराविना कोणताही कर बसविता किंवा वसूल करता येत नाही. अनुच्छेद २८५ नुसार संघराज्याची मालमत्ता, संसदेने अन्यथा तरतूद केली नसल्यास, राज्याच्या व स्थानिक संस्थांच्या करांतून मुक्त असते. घटना अमलात येण्यापूर्वीपासून अशा मालमत्तेवर चालत आलेले कर हा त्यातील अपवाद होय. अशा मालमत्तांकडून कराऐवजी सेवाशुल्क घेण्याची प्रथा आहे.

भाडेमूल्याची जुनी पद्धत

ब्रिटिश काळापासून भारतात मालमत्ता कराचा पाया ‘वार्षिक भाडेमूल्य’ हा राहिला. एखादे घर भाड्याने दिल्यास वर्षाकाठी वाजवीपणे जे भाडे मिळू शकेल, ते त्याचे भाडेमूल्य. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ नुसार या रकमेतून दुरुस्ती व इतर बाबींसाठी दहा टक्के वजावट केली जाते. उरते ते करयोग्य मूल्य. समजा, घराचे वाजवी मासिक भाडे १०,००० रुपये आहे. वार्षिक रक्कम १,२०,००० रुपये, वजावट १२,००० रुपये आणि करयोग्य मूल्य १,०८,००० रुपये होते. या मूल्यावर ठरावीक टक्केवारीने कर आकारला जातो.

ही पद्धत तत्त्वतः सोपी असली तरी व्यवहारात तिच्यात दोन दोष निर्माण झाले. पहिला दोष भाडेनियंत्रणातून आला. दिवाण दौलतराय कपूर विरुद्ध नवी दिल्ली नगरपालिका समिती या १९७९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, भाडेनियंत्रण कायदा लागू असलेल्या इमारतीचे वाजवी भाडे हे त्या कायद्याखालील प्रमाण भाड्यापेक्षा अधिक धरता येणार नाही, मग ते प्रमाण भाडे प्रत्यक्षात निश्चित झालेले असो वा नसो. परिणामी जुन्या इमारतींचे मूल्य गोठले आणि नव्या घरांवरील बोजा वाढला. एकाच रस्त्यावरील दोन सारख्या घरांच्या करात मोठी तफावत दिसू लागली. दुसरा दोष असा की, ‘वाजवी भाडे’ किती हे ठरविताना अधिकाऱ्याच्या विवेकाधिकारास फार वाव राहिला. त्यातून वाद, विलंब आणि गैरव्यवहाराच्या तक्रारी वाढल्या.

क्षेत्रफळावर आधारित पद्धत

यावर उपाय म्हणून क्षेत्रफळाचा आधार पुढे आला. मात्र केवळ चौरस फुटांवर कर बसविणे घटनेच्या कसोटीस उतरत नाही. केरळमधील इमारत कराचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये अवैध ठरविला, कारण इमारतीचे स्थान, बांधकाम व वापर विचारात न घेता निव्वळ क्षेत्रफळावर कर आकारल्याने असमानांना समान वागणूक मिळत होती आणि अनुच्छेद १४ चा भंग होत होता. त्यामुळे नंतरच्या सर्व सूत्रांत क्षेत्रफळाला वर्गीकरणाची जोड दिलेली आढळते.

पाटणा महानगरपालिकेसाठी १९९३ मध्ये केलेल्या नियमांत रस्त्याचा प्रकार, इमारतीचा वापर आणि बांधकामाचा प्रकार या तीन निकषांवर प्रति चौरस फूट भाडेमूल्य निश्चित करण्यात आले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नियम वैध ठरविले. या निर्णयामुळे इतर शहरांचा मार्ग मोकळा झाला. दिल्लीत १ एप्रिल २००४ पासून ‘एकक क्षेत्र पद्धती’ लागू झाली. त्यानुसार शहरातील वसाहतींची ‘अ’ ते ‘ह’ अशा आठ श्रेणींत विभागणी करण्यात आली. बंगळूरुमध्ये २००० साली स्वयंनिर्धारण योजना सुरू झाली आणि २००८ पासून एकक क्षेत्रमूल्याची पद्धत स्वीकारण्यात आली.

दिल्लीचे सूत्र उदाहरणाने समजून घेता येईल. एकक दर, आच्छादित क्षेत्र आणि बांधकामाचे वय, प्रकार, वापर व भोगवटा यांचे गुणक यांचा गुणाकार म्हणजे वार्षिक मूल्य. समजा, एकक दर प्रति चौरस मीटर ३२० रुपये आहे, घर १०० चौरस मीटरचे आहे, वयाचा गुणक ०.८ आणि अन्य सर्व गुणक १ आहेत. वार्षिक मूल्य ३२० × १०० × ०.८ म्हणजे २५,६०० रुपये होईल. कराचा दर दहा टक्के धरल्यास कर २,५६० रुपये येतो. आता नोंदवहीत क्षेत्र चुकून ११० चौरस मीटर आणि वयाचा गुणक ०.९ लिहिला गेला असे समजू. वार्षिक मूल्य ३१,६८० रुपये आणि कर ३,१६८ रुपये होईल. दोन किरकोळ वाटणाऱ्या नोंदींनी कर जवळजवळ २४ टक्क्यांनी वाढला. दर मात्र बदललेला नाही.

भांडवली मूल्याची पद्धत

मुंबईत १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर आधारित आकारणी लागू करण्यात आली. या पद्धतीत मुद्रांक शुल्कासाठी वापरल्या जाणाऱ्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यातील, म्हणजेच रेडी रेकनरमधील दर हा आधार असतो. त्यास क्षेत्रफळ तसेच वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय व मजला यांचे भारांक लावले जातात. बाजारभावाशी नाते जोडले गेल्याने कराची वाढ शहराच्या वाढीबरोबर होणे शक्य झाले. परंतु ज्याचे उत्पन्न वाढलेले नाही, अशा जुन्या रहिवाशाच्या घराचे मूल्य केवळ परिसर महागल्याने वाढते, हा या पद्धतीवरील प्रमुख आक्षेप आहे. राज्य शासनाने मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना १ जानेवारी २०२२ पासून दिलेली करमाफी या पार्श्वभूमीवर पाहावयास हवी.

सूत्र कितीही शास्त्रीय असले तरी ते कायद्याच्या चौकटीतच राहिले पाहिजे, हे याच पद्धतीबाबतच्या निकालाने दाखवून दिले. जमिनीवर भविष्यात किती बांधकाम होऊ शकेल, या संभाव्यतेचा समावेश मूल्यात करणारे नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय कायम केला. आकारणी मालमत्तेच्या विद्यमान स्थितीवर व्हावी, भावी शक्यतेवर नव्हे, हा या निकालाचा आशय आहे.

हरकत, सुनावणी व अपील

आकारणी यादी तयार झाल्यावर ती नागरिकांच्या पाहणीसाठी खुली केली जाते. मूल्य नव्याने ठरविले किंवा वाढविले असल्यास संबंधितास विशेष नोटीस देण्यात येते. येथून दाद मागण्याचे तीन टप्पे सुरू होतात.

पहिला टप्पा हरकतीचा. नोटिशीत नमूद केलेल्या मुदतीत लेखी हरकत नोंदवावी लागते. क्षेत्रफळ, वापराचा प्रकार, बांधकामाचे वर्ष, भोगवटा आणि श्रेणी यांपैकी नेमकी कोणती नोंद अमान्य आहे, हे तीत स्पष्ट असावे. मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, खरेदीखत यांसारखी कागदपत्रे जोडणे हिताचे ठरते. दुसरा टप्पा सुनावणीचा. आयुक्त किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी हरकतदारास म्हणणे मांडण्याची संधी देऊन निर्णय देतो आणि त्यानुसार यादीतील नोंद कायम होते किंवा सुधारली जाते.

तिसरा टप्पा अपिलाचा. मुंबईत हे अपील लघुवाद न्यायालयात दाखल होते व तेथून पुढे उच्च न्यायालयाकडे जाता येते. दिल्लीत त्यासाठी महानगरपालिका कर न्यायाधिकरणाची तरतूद आहे. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतीच्या कर आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे अपील करता येते.

अपिलाच्या अटी विद्यार्थ्यांनी विशेष लक्षपूर्वक अभ्यासाव्यात. महाराष्ट्रातील महानगरपालिका अधिनियमांनुसार मूल्यनिर्धारणाविरुद्ध अपील करण्यापूर्वी आयुक्तांकडे हरकत नोंदविलेली व ती निकालात निघालेली असणे आवश्यक आहे. ज्याने पहिली पायरी वगळली, त्याच्यासाठी पुढील दार बंद होते. दुसरी अट वादग्रस्त रक्कम आधी जमा करण्याची. ही अट अन्यायकारक असल्याचा युक्तिवाद न्यायालयांपुढे अनेकदा झाला. अनंत मिल्स विरुद्ध गुजरात राज्य या १९७५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अपिलाचा हक्क हा कायद्याने निर्माण केलेला हक्क आहे आणि तो देताना विधिमंडळ अटी घालू शकते. श्याम किशोर विरुद्ध दिल्ली महानगरपालिका या १९९२ च्या निकालात दिल्लीच्या अधिनियमातील रक्कम भरण्याची अट वैध ठरली. मात्र रक्कम भरण्यासाठी अपीलकर्त्यास वाजवी अवधी देता यावा, अशा रीतीने न्यायालयाने तिचा अर्थ लावला. महसुलाची निश्चिती आणि नागरिकाचा न्यायाचा हक्क यांत साधलेला हा समतोल होय.

अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग खुला असला तरी, कायद्याने पर्यायी उपाय दिलेला असताना न्यायालये सामान्यतः प्रथम त्याचाच अवलंब करण्यास सांगतात. मोजमापातील चूक हा रिट याचिकेचा विषय सहसा होत नाही. नियमच घटनाबाह्य असल्याचा आक्षेप असेल तेव्हा त्याचे महत्त्व वाढते.

व्यापक संदर्भ

आकारणीचा प्रश्न केवळ करदात्यापुरता मर्यादित नाही. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत उपग्रह छायाचित्रांच्या आधारे असा अंदाज मांडण्यात आला होता की, बंगळूरु व जयपूर ही शहरे मालमत्ता कराच्या संभाव्य उत्पन्नाच्या ५ ते २० टक्क्यांहून अधिक वसुली करीत नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीतील नागरी स्थानिक संस्थांच्या अनुदानासाठी मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करणे आणि त्यानंतर राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीशी सुसंगत करवसुली वाढविणे, अशी पात्रता घातली होती. ग्रामीण भागात २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेतून ड्रोनद्वारे गावठाणांचे मोजमाप हाती घेण्यात आले. मालमत्ता कराच्या निर्धारणास आधार मिळणे हाही तिचा एक हेतू आहे.

समारोप

भाडेमूल्याकडून क्षेत्रफळ व भांडवली मूल्याकडे झालेला प्रवास हा विवेकाधिकाराकडून सूत्राकडे झालेला प्रवास आहे. पूर्वी वाद ‘वाजवी भाडे किती’ यावर होत असे. आता तो ‘नोंदलेली वस्तुस्थिती खरी आहे काय’ यावर येऊन ठेपला आहे. हा बदल नागरिकाच्या हिताचा आहे, कारण वस्तुस्थिती कागदपत्रांनी सिद्ध करता येते. परंतु त्यासाठी देयकावरील अंतिम रकमेबरोबरच आकारणी यादीतील आपल्या घराची नोंद तपासली पाहिजे आणि हरकतीची मुदत पाळली पाहिजे. कर प्रामाणिकपणे भरणे हे जसे कर्तव्य आहे, तसेच चुकीची आकारणी वेळीच निदर्शनास आणणे हाही उत्तम नागरी कारभाराचाच भाग होय.