वाऱ्याची भट्टी : एअर फ्रायरचा योग्य उपयोग

अलीकडे आपल्या ओझर गांवांतील कित्येक स्वयंपाकघरांत एअर फ्रायर नांवाचें यंत्र आलें आहे. कोणी तें दिवाळीच्या खरेदींत आणिलें, कोणी डॉक्टरांनीं तेल कमी करण्यास सांगितलें म्हणून आणिलें. परंतु पहिल्या आठवड्याचा उत्साह ओसरला म्हणजे पुष्कळ घरीं तें फडताळावर झांकून ठेविलेलें दिसतें. "यांत कांहीं चांगलें होत नाहीं," ही तक्रार मी अनेकांच्या तोंडून ऐकिली आहे. एके काळीं ती माझीही होती. यांत यंत्राचा दोष किती व आपल्या समजुतीचा किती, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

आमच्या घरची हकीकत अशी. माझ्या वडिलांस हृदयविकार झाल्यापासून तळलेले पदार्थ वर्ज्य झाले. पावसाची सर आली कीं कांदाभजीं हवींत, हा तर त्यांचा जन्माचा नेम. त्यांच्यासाठीं आम्हीं हें यंत्र आणिलें, आणि पहिल्याच संध्याकाळीं कढईंत सोडावें तसें भज्यांचें सैल पीठ त्याच्या जाळीवर सोडिलें. पीठ जाळींतून खालीं गळालें, धूर झाला, आणि जें वर राहिलें तें बाहेरून चिवट व आंतून कच्चें निघालें. बाबांनीं दोन भजीं मुकाट्यानें खाल्लीं व "बरीं आहेत," असें म्हणून बशी बाजूस सारिली. ते रागावले असते तर बरें वाटलें असतें. त्यानंतर दोन महिने त्या यंत्रास कोणी हात लाविला नाहीं.

पुढें वर्गांत उष्णतेचा पाठ चालू असतां एका विद्यार्थिनीनें विचारिलें, "सर, हवेंत तळण कसें होतें?" उत्तर देतां देतां माझी चूक माझ्याच ध्यानांत आली. हवेंत तळण होतच नाहीं! नांवांत तळणें असलें, तरी हें यंत्र म्हणजे वारा खेळविणारी एक लहानशी भट्टी होय. वरच्या भागीं विजेच्या तारेचें वेटोळें तापतें, त्याजवळचा पंखा तप्त हवा जोरानें फिरवितो, व ती पदार्थाच्या चोहों अंगांनीं व जाळीच्या छिद्रांतून वाहून पुन्हां वर जाते.

ही कल्पना नवी नाहीं. आपल्या गांवास विमानांची ओळख करून द्यावयास नको. १९६४ सालीं येथें हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला, व डोक्यावरून जाणारीं विमानें पाहतच येथील मुलें मोठीं झालीं. पंख्याच्या भट्टीचा एक आरंभीचा उपयोगही विमानांतच झाला. १९४५ च्या सुमारास अमेरिकेंत विल्यम मॅक्सन यांनीं गोठविलेलें जेवण विमानांत लौकर ऊन करण्यासाठीं अशी भट्टी तयार केली. घरगुती एअर फ्रायर मात्र २०१० सालीं फिलिप्स कंपनीनें बर्लिन येथील प्रदर्शनांत लोकांपुढें आणिला.

आतां तेल व हवा यांतील भेद पाहूं. भट्टीचें दार उघडतां अंगावर येणारी तप्त हवा क्षणभर सोसते. तितक्याच तापलेल्या तेलाचा एक थेंब उडाला तर फोड येतो. उष्णमान एकच असतां हा फरक कां? कारण, सारखेंच आकारमान घेतलें तर तापलेल्या तेलांत तितक्याच तापलेल्या हवेच्या सुमारें २००० पट उष्णता सांठलेली असते. म्हणून कढईंतील तेलाचा स्पर्श होतांच भज्याच्या पिठाचें कवच बांधलें जातें. हवेस तें साधत नाहीं, आणि तोंपर्यंत पीठ गळून जातें. हवेची ही उणीव वारा भरून काढतो. पदार्थाभोंवतीं थंड, दमट हवेचें पातळ आवरण असतें. वारा तें सतत उडवून लावितो व नवी तप्त हवा आणितो. थंडीच्या दिवसांत सायकलीवरून येतांना गारठा अधिक बोंचतो, त्याचेंही कारण हेंच.

दुसरी गोष्ट पाण्याची. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी उष्णता पुरते. पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारें ५४० कॅलरी लागतात. पदार्थाच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोंपर्यंत त्याचें उष्णमान १०० अंशांच्या वर फारसें जात नाहीं. तांबूस रंग व खमंग वास ज्या रासायनिक क्रियेनें येतो, तिचें वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनीं १९१२ सालीं केलें; ती सुमारें १४० अंशांच्या पुढें वेगानें घडते. म्हणजे पदार्थ आधीं वाळतो, आणि मगच खरपूस होतो. आपल्या जिल्ह्यांतील बेदाणे करणारे शेतकरी वाळविण्याचें वर्म जाणतात. ते द्राक्षांचा ढीग घालीत नाहींत. जाळ्यांवर पातळ पसरितात, म्हणजे वारा खालून वरून फिरतो. एअर फ्रायरची जाळीही त्याचसाठीं आहे.

एवढें समजलें म्हणजे पुढील नियम पाठ करण्याचें कारण उरत नाहीं; ते आपोआप सुचतात.

पहिला नियम कोरडेपणाचा. अर्धा किलो बटाट्यांच्या बोटभर जाडीच्या फोडी कराव्या, अर्धा तास थंड पाण्यांत ठेवाव्या, म्हणजे वरचें सत्त्व धुवून जातें. नंतर स्वच्छ फडक्यानें अगदीं कोरड्या पुसाव्या.

दुसरा नियम तेलाच्या हाताचा. तेल अजिबात वर्ज्य केलें तर पदार्थ वाळका व पिठूळ लागतो. वरील फोडींस एक मोठा चमचा तेल चोळावें. हा पातळ थर सगळ्या खांचाखोचांत शिरून उष्णता सारखी पोंचवितो. मात्र भांड्यांत तेल ओतूं नये. त्यानें धूर होतो व आगीचेंही भय असतें.

तिसरा नियम मोकळ्या जागेचा. फोडी एकाच थरांत, मध्यें फट ठेवून मांडाव्या. एकदांच भांडें भरण्यापेक्षां दोनदां करणें बरें. दाटी केली तर वाफ कोंडते व फोडी मऊ पडतात.

चौथा नियम हालविण्याचा. उष्णता वरून येते. म्हणून निम्म्या वेळानें भांडें बाहेर काढून फोडी उलटसुलट कराव्या.

पांचवा नियम डोळ्यांचा. यंत्र तीन मिनिटें रिकामें तापवून घ्यावें. मग १८० अंशांवर १५ ते २० मिनिटें व शेवटीं २०० अंशांवर दोनतीन मिनिटें ठेवावें. पण पुस्तकांतील मिनिटें म्हणजे कायदा नव्हे. वेटोळ्याची शक्ति विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. दाब २३० व्होल्टवरून २०० वर उतरला, तर शक्ति सुमारें एकचतुर्थांशानें घटते. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें, म्हणजे संध्याकाळीं वेळ अधिक कां लागतो तें कळेल.

या यंत्रास मानवणारे पदार्थ आपल्या घरांत आधींपासूनच आहेत. कोथिंबीरवडी व अळुवडी यांत उत्तम होतात. कारण त्या आधीं वाफवून घट्ट झालेल्या असतात, व यंत्रास केवळ वरचें अंग खरपूस करावयाचें असतें. भेंडीच्या काचऱ्या, शेंगदाणे, रवा लाविलेली मासळी हींही चांगलीं होतात. सैल पिठाचीं भजीं व जिलबी मात्र कढईचींच. पापड हलका असल्यामुळें वाऱ्यानें उडून तप्त वेटोळ्यास लागतो; त्यावर लहानशी जाळी ठेवावी.

पालकांस दोन शब्द. २००२ सालीं स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ १२० अंशांहून अधिक तापविल्यास त्यांत ॲक्रिलामाइड नांवाचें अपायकारक द्रव्य तयार होतें. तें या यंत्रांतही होतें. म्हणून रंग सोनेरी होतांच थांबावें, काळपट होऊं देऊं नये. तेल कमी झालें म्हणजे मीठ कमी झालें असें नव्हे, आणि रोग्यानें किती खावें हें डॉक्टरांसच विचारावें. यंत्र भिंतीपासून वीतभर दूर ठेवावें, व मोठ्या पिनेच्या सॉकेटलाच जोडावें. १५०० वॅटचें यंत्र वीस मिनिटें पूर्ण शक्तीनें चालल्यास अर्धा युनिट वीज जळते. यावरून खर्चाचा अंदाज मुलांनींच आईस काढून द्यावा.

शेवटीं एक प्रयोग सांगतों. तो वडील माणसांच्या देखत करावा. एकाच बटाट्याच्या सारख्या जाडीच्या बारा फोडी घ्या. सहा कोरड्या पुसा, सहा ओल्याच ठेवा. सर्वांस सारखें तेल लावून जाळीच्या दोन बाजूंस मांडा. दहा मिनिटांनीं उघडून दोन्हींचा रंग पाहा, व दिसलें तें वहींत लिहून काढा.

गेल्या पावसाळ्यांत आम्हीं तें यंत्र पुन्हां खालीं काढिलें. या खेपेस कोथिंबीरवडी वाफविली, कापली, तेलाचा हात लाविला, व फट ठेवून मांडिली. बाहेर सर येत होती. बाबांनीं एक वडी खाल्ली, दुसरी घेतली, आणि तिसरीसाठीं बशी पुढें केली. "हीं भजीं नव्हेत," ते म्हणाले, "पण वडी फार चांगली झाली आहे." ज्या वस्तूंत जें नाहीं तें तिजकडे मागूं नये, व जें आहे तें पुरतें घ्यावें, हा धडा मला इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतर त्या बशीपाशीं मिळाला.