टीव्ही बॉक्स रूट करावा का?

प्रश्न : आमच्याकडे सुरतहून आणलेला अँड्रॉइडचा टीव्ही बॉक्स आहे. नेट असले की यूट्यूब चालते, पण मोलगीकडच्या आमच्या गावी रेंज गेली की बॉक्स नुसता पडून राहतो. ओळखीचा एक मुलगा म्हणतो, ‘बॉक्स रूट करून देतो, सगळे चॅनल फुकट दिसतील.’ हे करून घ्यावे का? कंपनीने न दिलेल्या सोयी बॉक्समध्ये खरोखर घालता येतात का?
— एक वाचक, अक्कलकुवा (जि. नंदुरबार)

उत्तर : सोयी नक्की घालता येतात, आणि त्यातल्या बहुतेकांसाठी रूट करण्याची गरज पडत नाही. तुमची खरी अडचण नेट नसताना बॉक्स चालत नाही ही आहे, आणि ती आज संध्याकाळी घरीच सुटू शकते. फुकट चॅनलच्या वाटेला मात्र जाऊ नका. कारणे पुढे देतो.

टीव्ही बॉक्स म्हणजे एक छोटा संगणकच. त्यात प्रोसेसर असतो, मेमरी असते, यूएसबीचे तोंड असते आणि चित्र टीव्हीकडे पाठवणारी एचडीएमआयची वायर असते. कंपनीने ठरवून दिलेल्या कामापलीकडची कामे अशा यंत्राकडून करून घेण्याची हौस जुनी आहे. मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स २००१ मध्ये बाजारात आले ते केवळ व्हिडिओ गेमसाठी. हौशी प्रोग्रॅमरांनी त्यात बदल करून घरातले चित्रपट आणि गाणी टीव्हीवर लावणारा प्लेअर बनवला. तोच पुढे एक्सबॉक्स मीडिया सेंटर झाला आणि २०१४ मध्ये त्याचे नाव ‘कोडी’ ठेवले गेले. त्या काळी यंत्र उघडून चिप बसवण्यासारखे उपद्व्याप करावे लागत. आज तोच कोडी अँड्रॉइड टीव्हीच्या प्ले स्टोअरमध्ये मोफत मिळतो.

तेव्हा पहिली पायरी अशी. नेट असेल तेव्हा कोडी किंवा व्हीएलसी उतरवून घ्या. पेन ड्राइव्हवर व्हिडिओ भरा आणि तो बॉक्सला लावा. एवढे झाले की रेंजचा प्रश्न उरत नाही. पेन ड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. मोठ्या फाइलींसाठी एक्सफॅट किंवा एनटीएफएस निवडा, पण त्यातले काय चालते हे आपल्या बॉक्सवर आधी तपासा. पेन ड्राइव्ह जोडल्यावर ‘डिव्हाइस स्टोरेज म्हणून वापरायचे का’ असे बॉक्सने विचारले, तर हो म्हणण्याआधी थांबा. त्या पर्यायात पेन ड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते.

डोंगराळ भागात या सोयीचे मोल अधिक आहे. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या हिशेबाने एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत डेटा खाते, साधे चित्र १ जीबीपर्यंत. रोज दीड जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर एचडी चित्र अर्धा तास जेमतेम पुरते. तीच फाइल अक्कलकुव्यात चांगल्या नेटवर एकदा रीतसर उतरवून घेतली, तर देवगोई घाट चढून गेल्यावर घरातले सगळे ती कितीही वेळा पाहू शकतात.

दुसरी पायरी प्ले स्टोअरमध्ये नसलेले अ‍ॅप टाकण्याची. बॉक्सच्या सुरक्षिततेच्या सेटिंग्जमध्ये ‘अननोन सोर्सेस’ नावाची परवानगी असते. ती ज्या अ‍ॅपपुरती हवी त्यालाच द्या, काम झाले की बंद करा आणि एपीके फाइल ज्याने ते अ‍ॅप बनवले त्याच्याच ठिकाणाहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेली एपीके कधीही टाकू नका.

तिसरी पायरी हौशी माणसाची आहे आणि मला सगळ्यात आवडते. तुमच्या बॉक्समध्ये अ‍ॅमलॉजिक कंपनीची चिप असेल, तर ‘कोअरएलेक’ ही मोफत प्रणाली मेमरी कार्डावरून चालवता येण्याची शक्यता असते. कार्ड घातले की बॉक्स थेट कोडीत उघडतो. कार्ड काढले की जुने अँड्रॉइड जसेच्या तसे हजर. मूळ प्रणालीला धक्का लागत नाही. पहिल्यांदा कार्डावरून सुरू करण्यासाठी अनेक बॉक्समध्ये एव्हीच्या भोकात आत लपलेले बटण काडीने दाबून धरावे लागते. मात्र सगळ्याच अ‍ॅमलॉजिक चिपा यात बसत नाहीत, आणि दुसऱ्या बनावटीच्या चिपांवर ही प्रणाली चालत नाही. म्हणून आधी चिपचे नेमके नाव बघा, मगच कार्ड बनवा.

आता रूटबद्दल. रूट करणे म्हणजे बॉक्सच्या मूळ प्रणालीत हवा तो फेरफार करण्याचा पूर्ण अधिकार मिळवणे. त्यासाठी बहुधा बूटलोडरचे कुलूप काढावे लागते. पैसे भरून दिसणाऱ्या चित्रपटांना ‘वाइडवाइन’ नावाचे संरक्षण असते. कुलूप काढल्यावर अनेक यंत्रांत त्याची पातळी एल१ वरून एल३ वर घसरते, आणि मग नेटफ्लिक्स, प्राइमसारखी अ‍ॅप एचडी चित्र देत नाहीत. काही अ‍ॅप तर उघडायलाच नकार देतात. शिवाय नवी प्रणाली चढवताना मध्येच वीज गेली तर बॉक्स कायमचा बंद पडू शकतो. पदरचे पैसे घालून एवढी जोखीम घ्यावी, असे काहीही तुमच्या पत्रात नाही.

‘सगळे चॅनल फुकट’ या आमिषाबद्दल अधिक स्पष्ट बोलायला हवे. आपल्या मालकीच्या बॉक्सवर कोडी टाकणे हा गुन्हा नाही. मात्र हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने त्यांचे तांत्रिक कुलूप फोडणे हा गुन्हा आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ मध्ये त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे.

दुसरा धोका घरातल्या नेटचा. जानेवारी २०२३ मध्ये कॅनडातील डॅनियल मिलिसिक यांनी ऑनलाइन विकत घेतलेला टी-९५ नावाचा स्वस्त बॉक्स तपासला, तेव्हा घातक प्रोग्रॅम त्यात आधीपासूनच भरलेला निघाला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ या टोळधाडीबद्दल लोकांना सावध केले. गूगलची मान्यता नसलेली दहा लाखांहून अधिक यंत्रे तिच्या तावडीत सापडली होती. असा बॉक्स तुमच्या नकळत तुमचे नेट परक्यांना वापरू देतो, आणि त्यांनी केलेल्या उद्योगांचा माग तुमच्या घरापर्यंत येतो. हा प्रोग्रॅम मूळ प्रणालीतच असल्यामुळे फॅक्टरी रिसेट करूनही जात नाही. मान्यताप्राप्त अँड्रॉइड टीव्ही कंपन्यांची यादी गूगल जाहीर करते. तुमच्या बॉक्सची कंपनी तीत नसेल, तर त्यावर गूगल पे किंवा बँकेचे काहीही उघडू नका. शक्य असेल तर तो नेटला जोडूच नका, केवळ पेन ड्राइव्हसाठी वापरा.

विजेबद्दल एक सूचना. अनेक जण बॉक्स टीव्हीच्या यूएसबीतून चालवतात. साध्या यूएसबी-२ मधून अर्धा अँपिअरच मिळतो, म्हणून बॉक्स मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. सोबत आलेला अ‍ॅडॉप्टरच वापरा. मोठी हार्ड डिस्क लावायची असेल तर स्वतंत्र वीज घेणारा यूएसबी हब घ्या.

राहिला प्रश्न, पेन ड्राइव्हवर भरायचे काय? कायद्याने मोकळे झालेले पुष्कळ आहे. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क तो प्रदर्शित झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. म्हणजे प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ आणि आचार्य अत्र्यांचा १९५३ चा ‘श्यामची आई’ आज सगळ्यांचे आहेत. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुमचे स्वतःचे. काठीच्या राजवाडी होळीचे, लग्नातल्या नाचाचे, म्हाताऱ्या माणसांनी देहवालीत किंवा पावरीत सांगितलेल्या गोष्टींचे व्हिडिओ तुमच्या तालुक्यात घरोघरी मोबाइलमध्ये आहेत. मोबाइल बिघडला की ते जातात. ते एका ठिकाणी जमवा, गावाचे नाव आणि वर्ष लिहून फोल्डर करा, आणि दुसरी प्रत वेगळ्या घरी ठेवा.

कोडीत त्या गोष्टींना खाली ओळीही जोडता येतात. व्हिडिओच्याच नावाची एसआरटी फाइल साध्या मजकुरात लिहायची आणि यूटीएफ-८ मध्ये जतन करायची. अक्षरांऐवजी चौकटी दिसल्या तर कोडीत देवनागरी फॉन्ट टाकायचा. आयआयएम अहमदाबादचे ब्रिज कोठारी यांनी टीव्हीवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेतले शब्द दाखवण्याचा प्रयोग १९९९ मध्ये गुजराती कार्यक्रमापासून सुरू केला होता. पाहता पाहता वाचनाचा सराव व्हावा, हा त्यामागचा विचार. घरी देहवाली बोलणाऱ्या मुलांनी आजीची गोष्ट ऐकता ऐकता खालच्या देवनागरी ओळी वाचल्या, तर शाळेतले वाचन त्यांना परके वाटणार नाही. तुमच्या तालुक्यातल्या शिक्षकांनी हे अवश्य करून पाहावे.

थोडक्यात, जो बदल कार्ड काढून किंवा अ‍ॅप पुसून मागे घेता येतो तोच करा. रूट करून घेऊ नका. आणि कुणी सगळे चॅनल फुकट देऊ केले, तर बॉक्स त्याच्या हातात देऊ नका.