गिनिपिगसह मोटारप्रवास

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या बडोद्यातील कित्येक मराठी कुटुंबे मुंबईस, नाशकास अथवा पुण्यास आजोळी जावयास निघतात. कुंड्यांना पाणी घालण्याचे काम शेजाऱ्यांवर सोपविता येते. परंतु मुलांनी हौसेने पाळलेल्या गिनिपिगांचे काय करावे, हा प्रश्न मात्र बिछाने बांधून होईपर्यंत कोणाला सुचतच नाही. चार दिवसांसाठीच जावयाचे असेल आणि दोन्ही वेळ येऊन पाहणारे विश्वासू माणूस मिळत असेल, तर त्यांस घरीच ठेवावे, हा पक्ष उत्तम होय. गिनिपिगास प्रवासाची यत्किंचितही हौस नसते. तथापि मुक्काम महिनाभराचा असेल, तर त्यास बरोबर नेणे भागच पडते. अशा वेळी काय जपावे, हे समजण्यासाठी प्रथम ह्या प्राण्याची प्रकृती ध्यानी घेतली पाहिजे.

ह्याच्या नावाइतके फसवे नाव क्वचितच आढळेल. तो गिनी देशाचा नव्हे आणि डुकराच्या जातीचाही नव्हे. तो उंदीर-खारींच्या वर्गातील, कृंतक प्राणी. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरात तेथील लोकांनी तो काही हजार वर्षांपूर्वी माणसाळविला, आणि सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला. थंड, कोरड्या डोंगराळ मुलखाचा हा रहिवासी. त्यास १८ ते २४ अंश सेल्सिअस इतके उष्णतामान मानवते; २७–२८ अंशांच्या पुढे उष्माघाताचे भय सुरू होते. घाम गाळून अंग निववावे, ही सोय निसर्गाने त्यास दिलेली नाही, आणि कुत्र्याप्रमाणे धापा टाकूनही त्याचे भागत नाही. आता बडोद्याचा मे महिना आठवा. दुपारी पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हा ह्या प्रवासातील खरा शत्रू रस्ता नव्हे, ऊन आहे.

उभ्या मोटारीत हवा किती तापते, ह्याविषयी अमेरिकेत २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उन्हात बंद उभ्या केलेल्या मोटारीच्या आतील उष्णतामान तासाभरात सरासरीने सुमारे २२ अंश सेल्सिअस वाढले, आणि त्यांपैकी चार पंचमांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर खाली ठेवल्याने काहीच विशेष फरक पडला नाही. कारण विज्ञानाच्या तासाला आपण शिकलोच आहोत: सूर्याचा प्रकाश काचेतून आत शिरतो, गाद्या व पत्रा तापवितो, आणि तापलेली हवा आत कोंडून राहते. म्हणून ‘पाच मिनिटांत चहा घेऊन येतो’ असे म्हणून गिनिपिगास मोटारीत एकटे ठेवणे हे त्याच्या जिवावर बेतू शकते. चहा पाळीपाळीने घ्यावा. एकाने वातानुकूलन चालू ठेवून आतच बसावे.

ह्यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे वेळेची निवड. बडोद्याहून पहाटे चारला निघावे. भरूच मागे टाकून सूर्य चढण्यापूर्वी सुरत गाठता येते, आणि ऊन कडक होण्याच्या सुमारास मुंबई फार दूर उरत नाही. निघण्यापूर्वी मोटार आतून गार करून घ्यावी, परंतु वाऱ्याचा झोत थेट पेटीवर येऊ देऊ नये. ज्या बाजूने ऊन येते त्या काचेवर कापड लावावे. पाणी गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या एका कोपऱ्यात ठेवावी. गार वाटले तर जवळ जाण्याची आणि नकोसे झाले तर दूर सरण्याची मोकळीक प्राण्यास असावी.

पेटी कठीण प्लॅस्टिकची, दोन-तीन बाजूंनी हवा खेळेल अशी आणि अंग वळविता येईल एवढीच असावी. फार ऐसपैस पेटीत प्रत्येक वळणाला प्राणी इकडून तिकडे आपटतो. पुठ्ठ्याचे खोके तो कुरतडतो आणि मूत्राने ते भिजून तळ सुटतो. तळाशी जुना टॉवेल घालून वर भरपूर वाळलेले गवत पसरावे. टॉवेल घरच्या पिंजऱ्यात वापरलेलाच असावा. ओळखीचा वास त्यास धीर देतो. सुवासिक लाकडाचा भुसा मात्र घालू नये; त्याने श्वासास अपाय होतो. नित्य एकत्र राहणारे दोघे असतील, तर त्यांस एकाच पेटीत न्यावे.

पेटी कोठे ठेवावयाची? मांडीवर नव्हे, हे मुलांना पटत नाही, म्हणून थोडे गणित करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एकाएकी थांबली, तर न्यूटनच्या पहिल्या नियमानुसार मांडीवरील प्राणी त्याच वेगाने पुढे जातो. हा वेग सेकंदाला सुमारे १६.७ मीटर, म्हणजे जवळजवळ १४ मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूस जमिनीशी येणारा वेग. चार मजली गच्चीवरून कोणी आपला गिनिपिग सोडील काय? पेटी पुढच्या आसनामागे तळाशी, आसन मागे सरकवून घट्ट बसवावी. अथवा मागील आसनावर पट्ट्याने पक्की बांधावी. हवेची पिशवी असलेल्या पुढील आसनावर ती ठेवू नये, आणि सामानाच्या डिकीत तर मुळीच नको.

आहाराविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रवासात ओकारी होऊ नये म्हणून आपण पोट हलके ठेवतो. गिनिपिगास ओकारी होऊच शकत नाही, आणि त्याचे आतडे सतत चालू राहिले तरच तो जगतो. अर्धा-एक दिवस पोटात काही गेले नाही, तरी त्याची प्रकृती गंभीर होऊ शकते. म्हणून उपवास घडवू नये. गवत सदैव तोंडाशी असावे. ते साध्या गवताचेच असावे. गुजरातीत ज्याला रजको म्हणतात त्या लसूणघासात चुना फार, तो मोठ्या प्राण्यास रोज बरा नव्हे. पाण्याची बाटली चालत्या मोटारीत गळते व बिछाना भिजविते, तेव्हा ती तासा-दीड तासाने थांबून लावावी. मधूनमधून काकडीचे काप द्यावेत, आणि ढोबळी मिरची तर अवश्य द्यावी. माणसाप्रमाणेच गिनिपिगाचे शरीर ‘क’ जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. नॉर्वेतील होल्स्ट व फ्रोलिक ह्या शास्त्रज्ञांनी १९०७ साली नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनिपिगांत स्कर्व्ही दाखवून दिला, आणि त्या रोगाच्या अभ्यासास नवी दिशा मिळाली. मनुष्यजात ह्या प्राण्याची ऋणी आहे ती अशी.

गाणी हळू लावावीत. आपल्याला ऐकू न येणारे उंच स्वरही त्यास ऐकू येतात, आणि भ्यालेला गिनिपिग ओरडत नाही, दगडासारखा निश्चल बसतो. तो ‘शहाण्यासारखा बसला आहे’ असे समजू नये. मात्र श्वास जलद चालू लागला, तोंडातून लाळ गळू लागली, तो अंग टाकून पसरला, तर उन्हाची बाधा झाली असे जाणावे. त्यास सावलीत घेऊन कान व पाय साध्या गार पाण्याने ओले करावेत, बर्फाने नव्हे, आणि लगोलग पशुवैद्य गाठावा. गिनिपिगांवर उपचार करणाऱ्या वैद्याचा पत्ता निघण्यापूर्वीच मिळवून ठेवावा. कारण पेनिसिलिन जातीची औषधे पोटात दिल्यास ती ह्या प्राण्यास प्राणघातक ठरतात, हे प्रत्येकास ठाऊक असतेच असे नाही. आजारी प्राण्यास अथवा दिवस भरत आलेल्या मादीस प्रवासाला काढूच नये.

मुक्कामी पोहोचल्यावर आजोळच्या भावंडांची झुंबड उडेल. त्यांस थोपवून धरावे, आणि पिंजरा शांत खोलीत लावून गवत, पाणी व लपावयास एक आडोसा द्यावा. रात्रीपर्यंत तो खाऊ लागला आणि लेंड्या नेहमीसारख्या पडल्या, की भावंडांना दार उघडून द्यावयास हरकत नाही.