चित्रकार व्हायचंय, तेही परदेशात

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड मिळाली म्हणून पेढे वाटणारे आईवडील, मुलगी ‘मला चित्रकारच व्हायचंय, तेही अमेरिकेत’ म्हणाली की हवालदिल होतात. त्यांची काळजी रास्त आहे. अशा घरांना मी मुद्राचित्रकार झरीना हाश्मी यांच्याबद्दल आवर्जून सांगते.

झरीना १९३७ साली अलीगढला जन्मल्या. १९५८ मध्ये त्यांनी पदवी घेतली ती गणिताची. पती परराष्ट्र सेवेत, त्यामुळे सतत बदल्या. पण प्रत्येक मुक्कामी त्या काहीतरी शिकत राहिल्या. बँकॉकमध्ये लाकडी ठशांची छपाई, पॅरिसमध्ये स्टॅन्ली हेटर यांच्या ‘आतलिए १७’ कार्यशाळेत मुद्राचित्रण, पुढे टोकियोत तोशी योशिदांकडे जपानी काष्ठछपाई. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कला स्थिरावल्या आणि तिथे हातकागद बनवायला शिकवू लागल्या. कागदाचा लगदा साच्यात ओतून त्यांनी शिल्पंही केली. गणितही वाया गेलं नाही. ‘होम इज अ फॉरिन प्लेस’ या १९९९ च्या ३६ काष्ठचित्रांत दार, अंगण, उंबरठा हे सगळं मोजक्या, काटेकोर रेषांत येतं, सोबत एकेक उर्दू शब्द.

आता पालकांना अस्वस्थ करणारी गोष्ट. व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात २०११ साली भारताचं पहिलं अधिकृत दालन मुंबईच्या रणजित होस्कोटे यांनी मांडलं, त्यात झरीना होत्या. तेव्हा त्या ७३ वर्षांच्या होत्या. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन २०१३ मध्ये लागलं. म्हणजे नाव उशिरा होतं, कधी होतही नाही. म्हणूनच दुसऱ्याला शिकवता येईल इतकं पक्कं एखादं तंत्र हातात हवं, असं मला कळकळीने वाटतं. छपाई, सिरॅमिक, विणकाम, अ‍ॅनिमेशन, काहीही.

पैशांचा हिशेब मात्र आधीच मांडा. विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्यांना पदवीनंतर अमेरिकेत साधारण १२ महिने काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ठरावीक शाखांना आणखी २४ महिने मिळतात. शुद्ध चित्रकला त्या यादीत नाही, काही डिजिटल अभ्यासक्रम असतात. वर्षभरात लाखोंचं शैक्षणिक कर्ज फिटत नाही. त्यामुळे पदवी इथेच घ्यावी, बीएफएच्या सीईटीची नीट तयारी करावी आणि बाहेर जायचं ते पदव्युत्तर शिक्षणाला, हा मार्ग मला जास्त सुरक्षित वाटतो.

प्रवेशाआधी प्रत्येक विद्यापीठाला लेखी विचारा: फीमाफी किती? शिकवण्याचं मानधन मिळेल का? छपाईयंत्र आणि भट्टी विद्यार्थ्यांना रोज वापरता येते का? ही उत्तरं ईमेलवर येईपर्यंत कर्जाच्या कागदांवर सही करू नका.