सूक्ष्मजीवाश्मांची विद्या आणि भंडाऱ्याचा विद्यार्थी

भूविज्ञान घेऊन बी.एस्सी. करू इच्छिणाऱ्या मुलामुलींचे पालक ‘त्यात नोकरी कोणती?’ असे विचारतात, ते रास्तच आहे. आणि मुलाला त्यातही सूक्ष्मजीवाश्मांची ओढ लागली असेल तर ही चिंता दुणावते, कारण ही विद्या नेमकी कशाची, हेच बहुतेक घरांत ठाऊक नसते.

ती समजण्यास एक उदाहरण पाहू. इंग्लंडमधील डोव्हरचे शुभ्र कडे ज्या खडकाचे बनले आहेत, तो चॉक म्हणजे क्रिटेशस कालखंडाच्या उत्तरार्धात समुद्रात तरंगणाऱ्या एकपेशीय शैवालांच्या चुनखडी चकत्यांचा तळाशी साचलेला गाळ होय. एकेक चकती मिलिमीटरच्या काही सहस्रांशाएवढी, आणि हजार वर्षांत साचणारा थर अवघा काही सेंटिमीटरांचा. त्यात फोरॅमिनिफेरा नामक सूक्ष्म जीवांची कवचेही मिसळलेली असतात. १८६८ साली थॉमस हक्सले यांनी नॉर्विच येथे कामगारांपुढे अशाच चॉकच्या तुकड्यावर व्याख्यान देऊन पृथ्वीचा इतिहास उलगडून दाखविला. चॉकमधील या सूक्ष्म जीवांच्या जाती भराभर बदलत गेल्या आणि सागरी प्रवाहांबरोबर दूरवर पसरल्या, म्हणून थरात कोणती जाती सापडते यावरून त्या थराचे वय ठरविता येते. साऱ्या शास्त्राचे व्यावहारिक मोल यातच आहे.

भंडारा जिल्ह्यात असा खडक नाही, हे प्रथमच स्पष्ट सांगितले पाहिजे. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मॅंगनीज, साकोली-लाखनीकडील कायनाइट व सिलिमनाइट ज्या खडकांत आढळतात, ते कवचधारी जीवांच्या उदयापूर्वीचे असून उष्णता व दाब यांनी पार पालटून गेलेले आहेत. त्यांत सूक्ष्मकवच शोधणे व्यर्थ होय. परंतु पश्चिमेस नागपूरला गेले, की चित्र बदलते. तेथील मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूरजवळील टाकळीच्या थरांतून जमविलेले जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या विद्वानांपुढे गेले, आणि त्यांतील ऑस्ट्राकॉड या सूक्ष्म द्विपुट जलचरांचे वर्णन रूपर्ट जोन्स यांनी १८६० मध्ये केले. पुढे २००९ मध्ये गेर्टा केलर, अशोक साहनी, सुनील बाजपेयी, डी. एम. मोहबे आदी शास्त्रज्ञांनी छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिलीच्या थरांत, आजच्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेराची कवचे नोंदवून, डायनोसॉर लोपल्यानंतर लवकरच समुद्राची एक शाखा मध्य भारतात शिरली होती, असा निष्कर्ष काढला. मला या विद्येचा मोह पडतो तो यामुळेच: चिमूटभर मातीने एक हरवलेला समुद्र सिद्ध करावा!

आता नोकरीचे. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायचे तेल मायोसीन काळच्या चुनखडकांत आहे, आणि अशा क्षेत्रात विहीर खोदताना वर येणाऱ्या चुऱ्यातील फोरॅमिनिफेरा पाहून छिद्रक कोणत्या थरात आहे, हे सांगणारा तज्ज्ञ लागतो. लखनौची बिरबल साहनी संस्था, पुण्याची आघारकर संशोधन संस्था व गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था येथे संशोधनास वाव आहे. तथापि या जागा मोजक्याच असतात, हे पालकांपासून लपवू नये.

म्हणून माझी शिफारस अशी, की बी.एस्सी.मध्ये संपूर्ण भूविज्ञान मनापासून शिकावे आणि सूक्ष्मजीवाश्मांचे विशेष अध्ययन एम.एस्सी.साठी राखून ठेवावे. ती पदवी नागपूर विद्यापीठातून घ्यावी, किंवा ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा देऊन मुंबईच्या आयआयटीत जावे. एम.एस्सी.नंतर संघ लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिक परीक्षा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण व केंद्रीय भूजल मंडळ यांची दारे उघडते. राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय नागपुरातच आहे, आणि मॉइल या कंपनीच्या मॅंगनीज खाणी तर घराजवळ. म्हणजे सूक्ष्मकवचांच्या मागे लागून जागा न मिळाल्यास ज्या खडकांवर उपजीविका उभी राहील, ते आपल्याच जिल्ह्यातले जुने खडक आहेत; त्यांचा अभ्यास गौण मानणारा विद्यार्थी पुढे पस्तावतो.

स्वभावाचीही परीक्षा घ्यावी. नमुना पाण्यात भिजवून, बारीक चाळणीतून धुऊन, सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलण्यात दिवस जातात, आणि वर्षातून काही आठवडे रानात मुक्काम करावा लागतो. मुलगी असेल तर त्या मुक्कामास पालकांची अनुमती आधीच, स्पष्ट शब्दांत मिळालेली असावी; प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी घरात एवढे बोलणे झाले पाहिजे.