तपासायला न येणाऱ्या बायका

चि. मीनल हिस,


गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचं शिबिर लावलंस, आशाताई उन्हातान्हात घरोघर फिरल्या, आणि बायका मोजक्याच आल्या. 'अडाणीपणा, दुसरं काय?' असं तू लिहिलंस. ते मला पटलं नाही.

'तपासायला गेलं की काहीतरी निघतंच,' असं त्या म्हणतात ना? त्यांच्या पाहण्यात तपासायला गेलेली बाई कोण असते? अंगावरून जाणं महिनोन्महिने सोसून, अगदीच उठवेनासं झाल्यावर सोलापूर-बार्शीला नेलेली. तिला रोग निघतो आणि ती फार दिवस काढत नाही. गावानं डोळ्यांनी पाहिलं ते हेच. त्यांचा निष्कर्ष चुकला, पाहण्यात चूक नव्हती. म्हणून तुझ्या तक्त्यांनी तो समज हलणार नाही. वेळेत सापडून बरी झालेली एखादी बाई शोध. तिची राजीखुशी असेल तर तिलाच बोलू दे.

तू आहेस त्याच धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार बायकांचा अभ्यास झाला. 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गावांत एचपीव्ही या विषाणूची तपासणी एकदाच झाली, तिथले या रोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या मानाने जवळपास निम्मे होते. हा आकडा साहेबांना सांग, निधी मागायला उपयोगी पडेल. बायकांना एवढंच सांग की पेशी बिघडल्यापासून कर्करोग व्हायला बहुतेकदा कितीतरी वर्षं जातात, आणि तेवढ्या काळात त्या पेशी काढून टाकता येतात.

एक मात्र जपून. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, हे खरं. पण ते माईकवरून सांगितलंस, तर रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रत्येकीच्या चारित्र्याकडे गाव बघेल. उभ्या जन्मात नवऱ्याखेरीज कुणाला न शिवलेल्या बाईलाही त्याची लागण होते. ते पडद्याआड, एकेकीशी बोल. तपासणीला बाईच असेल, हेही आशाताईंना आधीच सांगायला लाव. लाजेला समज म्हणून खोडत बसू नकोस, आडोसा दे.

'नशिबात असेल ते होईल' याला मी फारशी भीत नाही. तसं म्हणणारी आजी नातवाला पोलिओचा डोस द्यायला मात्र सगळ्यांच्या आधी हजर असते.

आणि समजुती काही गावातच राहत नाहीत. तुझी आई शिक्षिका, वर्तमानपत्रातली आरोग्याची पुरवणी कापून ठेवणारी. 'आपल्या घराण्यात कुणाला नाही, मला काय धाड भरलीय?' असं ती मला दर वेळी ऐकवते. तिची ही तपासणी आजवर एकदाही झालेली नाही. दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा आधी तिला घेऊन जा.

तुझी,
मावशी