करडीकल्लूचा गूळ

भाचा कॅनडात, ओंटारिओत असतो. मागच्या फेब्रुवारीत त्याचा फोन आला. "मामा, ऑफिसातले दोघं मे महिन्यात अस्वलाच्या शिकारीला चाललेत. मलाही बोलावलंय. तुम्ही तर अस्वलांमागे इतकी वर्षं फिरताय. जाऊ का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. त्याच आठवड्यात मी बंगळूरच्या घरी बसून दरोजीच्या अस्वल अभयारण्याच्या सातव्या खेपेचा बेत आखत होतो. त्याने त्यांची यादी पाठवली. ऋतू, वारा, आमिष, बसायची जागा, परवाना. माझ्या वहीत नेमकं तेच लिहिलेलं होतं, बंदूक तेवढी नव्हती. त्याला म्हणून लिहायला घेतलेलं उत्तर वाढत वाढत हे असं झालं.

१. आधी कायदा बघून घ्या.

आपल्याकडे हा प्रश्न मिटलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला शिकारीच्या परवान्याची कलमं होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती गेली. अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे, मारलं तर किमान तीन वर्षं कैद. माणसाच्या जिवावर उठलेल्या एखाद्या जनावराबद्दल मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी हुकूम निघू शकतो, असे मोजकेच अपवाद.

ओंटारिओची गोष्ट जरा वळणाची आहे. तिथे वसंतातली शिकार १९९९ मध्ये बंद केली होती, कारण आई मारली गेली की पिल्लं उपाशी मरत. २०१४ मध्ये ती प्रयोग म्हणून परत आली आणि २०२१ मध्ये कायम झाली. पिल्लांसोबतच्या मादीवर वसंतात गोळी झाडायची नाही, हा नियम आहे. पण झाडीत मागे राहिलेली पिल्लं बंदुकीच्या दुर्बिणीतून दिसतात का, हे भाच्याने त्या दोघांना विचारावं असं मी कळवलं.

२. त्यांचं अस्वल वेगळं, आपलं वेगळं.

कॅनडातलं काळं अस्वल हिवाळाभर बिळात पडून असतं. वसंतात बाहेर येतं ते खंगून, भुकेनं वखवखून. त्या भुकेवरच तिकडची वसंतातली शिकार उभी आहे. आपलं अस्वल हिवाळी झोप घेत नाही. इंग्रजीत त्याच्या नावात 'स्लॉथ' शिरलं ते एका चुकीमुळे. जॉर्ज शॉ या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये लांब नखं पाहून त्याला दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथच्या घराण्यात टाकलं. चूक पुढे दुरुस्त झाली, नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याचं खरं वैशिष्ट्य तोंडात आहे. वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नाहीत. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं, आणि तो फुरफुराट शंभर मीटरवरून ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी ट्रॅक्टरच्या चाकातली हवा सोडतंय.

३. बंगळूरचा वसंत बघून निघू नका.

ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. आमच्याकडे कब्बन पार्कात टॅबेबुया गुलाबी झाला, रस्त्यावर जॅकरंडाचा निळा सडा पडला, की अंगात वारं शिरतं. तसाच एकदा गुढीपाडव्यानंतर, एप्रिलच्या मध्यावर निघालो. तुमकूर, चित्रदुर्ग करत होसपेटेला पोहोचेपर्यंत, म्हणजे साधारण साडेतीनशे किलोमीटरात, हवा भट्टीसारखी झाली होती. दरोजीचा सगळा मुलूख म्हणजे ग्रॅनाइटच्या धोंड्यांचे ढीग. दिवसभर तापलेल्या दगडावर कुठलं शहाणं अस्वल दुपारी चार वाजता येईल? अंधार पडता पडता एक काळा ठिपका हलला, तो अस्वल होता असं आमचा ड्रायव्हर म्हणाला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण परतीचं पेट्रोल वसूल करायला दुसरं काही नव्हतं.

फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा पहिला पंधरवडा, हे आता ठरलेलं. पिल्लं हिवाळ्यात बिळात जन्मतात आणि दोन-अडीच महिन्यांची झाली की आईच्या पाठीवर बसून बाहेर पडतात. पाठीवर पिल्लं नेमाने वाहणारं अस्वल जगात हेच एक. खांद्यांवरचे केस लांब असतात, त्यांना ती घट्ट धरून बसतात. हे ज्यांनी एकदा पाहिलं त्यांना वसंत म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

४. आमिषाबद्दल स्वतःशी खोटं बोलू नका.

दरोजीचं अभयारण्य १९९४ मध्ये जाहीर झालं. हंपीपासून पंधराएक किलोमीटर. निरीक्षण मनोऱ्यासमोर एक टेकडी आहे, करडीकल्लु गुड्डा. कन्नडमध्ये करडी म्हणजे अस्वल, कल्लु म्हणजे दगड, गुड्डा म्हणजे टेकडी. (पहिल्या खेपेला बायकोला वाटलं, तिथे करडीचं तेल काढत असतील.) दुपारी वनखात्याची माणसं जाऊन त्या खडकांवर गूळ आणि मधाचं मिश्रण थापून येतात. ती परतली की थोड्या वेळानं मोर येतात, मुंगसं येतात, दगडाच्या फटीतून पेंटेड स्परफाउलची जोडी डोकं काढते. मग वरच्या गुहांतून अस्वलं उतरतात आणि दगड चाटत बसतात.

पाहताना भान हरपतं, खोटं कशाला बोलू. पण सातव्या खेपेत संध्याकाळी खोलीवर आल्यावर भाच्याने यादीसोबत पाठवलेला फोटो पुन्हा उघडला. जंगलात एक पत्र्याचं पिंप, त्यात ओट्स, काकवी, शिळे डोनट. झाडावर मचाण. माझा दगडावरचा गूळ आणि त्यांच्या पिंपातली काकवी यांत फरक काय? मी उठून घरी येतो आणि अस्वल गुहेत परत जातं, एवढाच. हा फरक लहान नाही. तरी, माणसाने ठेवलेल्या गोडाची वाट पाहणारं अस्वल पुरतं रानातलं राहतं का, ही रुखरुख मला सातही खेपांत होती. अभयारण्याच्या बाहेर शेतं आहेत, वस्त्या आहेत, आणि गुळाचा वास कुणाच्या घरचा हे अस्वल विचारत नाही.

तिथल्या एका वनरक्षकाला मी हे तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये विचारलं. तो हसला. म्हणाला, "सार, पोट ती वाळवीवर आणि फळांवरच भरतात. हा गूळ तुमच्यासाठी आहे." मला ते पटलं आणि थोडं लागलंही. आता मी एक संध्याकाळ मनोऱ्यावर बसतो आणि दुसऱ्या सकाळी परवानगी असेल त्या रस्त्यावर गाडीतून नुसता हिंडतो. वारुळं पाहतो. फोडलेलं वारूळ, नखांचे ओरखडे, बोरांच्या बियांनी भरलेली विष्ठा. बाहेरून गूळ न लावता मिळालेल्या या गोष्टींचा आनंद वेगळा आहे, पण तो पाहुण्यांना समजावता येत नाही. ते विचारतात, अस्वल दिसलं का?

५. वारा.

अस्वलाची नजर बेताची, कानही फार तिखट नाहीत. नाक मात्र विलक्षण. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल, तर कितीही भारी कॅमेरा असू दे. अत्तर, अगरबत्ती, डासांचं मलम, काही नको.

६. बसायला शिका.

दोन तास. बोलायचं नाही, खाकरायचं नाही. लिहायला सोपं आहे. तिसऱ्या खेपेला मी सोसायटीतल्या चार कुटुंबांना घेऊन गेलो. मुलांची चूक नव्हती, चूक माझी. साडेचारला मादी खडकाच्या कडेवर आली, पाठीवर दोन पिल्लं, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडलं. तिने मान वर केली, आणि वळून गेली. पुन्हा आली नाही. त्या पाकिटाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

७. अस्वलाला हसू नका.

मी बुलढाण्याचा. खामगाव रस्त्यावरच्या बोथ्याच्या रानात, म्हणजे आजच्या ज्ञानगंगा अभयारण्यात, अस्वलं तेव्हाही होती. पण मी पहिलं अस्वल पाहिलं ते दारात, दरवेश्याच्या दोरीला बांधलेलं. डमरू वाजला की ते मागच्या पायांवर उभं राहायचं. आजीने त्याचा एक केस चार आण्यांना विकत घेऊन ताईतात घालून माझ्या गळ्यात बांधला होता. रात्री वाईट स्वप्नं पडू नयेत म्हणून. ती दोरी नाकाला तापलेल्या सुईने पाडलेल्या भोकातून ओवलेली असायची आणि सुळे आधीच तोडलेले असायचे, हे मला चाळिशीत कळलं. तेही बंगळूरच्या वेशीवर, बन्नेरघट्ट्याला. २००५ पासून तिथे सुटका केलेल्या अस्वलांचं केंद्र आहे. रस्त्यावर नाचणारं शेवटचं मानलं गेलेलं अस्वल, राजू त्याचं नाव, डिसेंबर २००९ मध्ये सोडवलं गेलं आणि इथेच आलं.

आमच्याकडे असंही सांगत की अस्वल गुदगुल्या करून मारतं. ज्याने हे पहिल्यांदा सांगितलं त्याने अस्वलाने फाडलेला माणूस पाहिलेला नसावा. हल्ला झाला की नखं बहुधा डोक्यावर, चेहऱ्यावर येतात. अस्वल शिकार म्हणून माणसावर धावत नाही. वारूळ उकरण्यात गुंगलेलं असतं, तुम्ही अचानक पुढ्यात येता, आणि ते दचकतं.

म्हैसूरचं एक अस्वल मात्र या हिशेबात बसत नाही. अर्सीकेरेच्या आसपास त्याने किमान बारा माणसं मारली, दोन डझन जखमी केली. ते मारलं बंगळूरच्याच केनेथ अँडरसनने. हा माणूस हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये नोकरीला आणि रजेत जंगलात. ती हकीकत त्याच्या १९५७ च्या पुस्तकात आहे. त्याला तीन खेपा घालाव्या लागल्या. गावात अफवा काय काय होत्या, पण त्याचा स्वतःचा कयास असा, की त्या अस्वलाला आधी माणसांनीच कधीतरी जखमी केलं असावं. मी ते पुस्तक मोहिमेआधी दरवेळी चाळतो. बंदुकीसाठी नाही. हा माणूस पायाखालच्या पाल्यापासून रात्रीच्या आवाजापर्यंत काय काय टिपत होता, त्यासाठी.

८. शेजारच्या घोरपड्यांना विसरू नका.

दरोजीच्या डोंगरांपलीकडे संडूर. घोरपड्यांचं, म्हणजे आपल्या मराठी घराण्याचं संस्थान. त्या घराण्यातले एम. वाय. घोरपडे देवराज अरसांच्या मंत्रिमंडळात कर्नाटकचे अर्थमंत्री होते, आणि वन्यप्राण्यांचे फार मोठे छायाचित्रकार. राजघराण्यातला माणूस, पिढीजात शिकारीच्या काळात वाढलेला, आणि हातात कॅमेरा. त्यांच्या 'सनलाइट अँड शॅडोज' या पुस्तकाच्या नावातच त्यांची सगळी शिस्त आहे: प्रकाश नसेल तर थांबा. मी बरीच वर्षं सहाशे मिलिमीटरची लेन्स भाड्याने आणून खांदे मोडून घेतले. आता दुर्बीण नेतो, फोटो मुलगी काढते.

९. किरकोळ.

तुमकूरच्या अलीकडे क्यातसंद्रात तट्टे इडली खा, पुढे नीट काही मिळेलच असं नाही. एका हॉटेलवाल्याने "अस्वल नक्की दाखवतो" म्हणून माझ्याकडून आगाऊ पैसे घेतले होते. 'नक्की' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. वेळ उरला तर तुंगभद्रा ओलांडून आनेगुंदीला जा. ती किष्किंधा मानतात. सुग्रीव, हनुमान सगळ्यांना आठवतात. पण त्यांच्याच सैन्यात जांबुवंत होता, आणि तिथे जाईपर्यंत माझ्याही कधी डोक्यात आलं नव्हतं की त्याचे भाऊबंद जवळच अजून नांदताहेत.

भाच्याने परवाना काढला नाही. मी नको म्हटलं म्हणून नाही, तसं मी म्हटलंच नव्हतं. त्या पिल्लांच्या प्रश्नाला दोघांपैकी कुणीच धड उत्तर दिलं नाही, एवढंच त्याने कळवलं. येत्या मार्चमध्ये तो बंगळूरला येतोय आणि आम्ही आठवी खेप करतोय. तुम्हीही जाणार असाल तर दुपारीच मनोऱ्यावर पोहोचा, फिक्या मातकट रंगाचे कपडे घाला, आणि वेफर्स गाडीतच ठेवा.